धंद्याचे फोन नेटवर चालतात? मग नेट गेल्यावरची दुसरी वाट आधीच तयार ठेवा

निफाड, दिंडोरी, चांदवड, येवला, कुठल्याही तालुक्यात जा, गावाकडचा धंदा आता फोनवर चालतो आणि फोन नेटवर चालतो. द्राक्षाचे पॅकहाऊस दुबईच्या खरेदीदाराशी व्हॉट्सॲपवर बोलते. लासलगावचा कांदा बाहेरच्या राज्यात पाठवणारा व्यापारी ट्रान्सपोर्टवाल्याला सकाळपासून दहा फोन लावतो. रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे बुकिंग फोनवरच होते. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर जो लँडलाईन दिसतो, तोही आता फायबरच्या डब्यातूनच वाजतो.

हा सगळा कारभार केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेवर उभा आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला, वळवाच्या पावसात फांदी पडली किंवा नुसती लाईट गेली, की फोन मुका होतो. समोरच्याला वाटते, हा फोन उचलत नाही. माल भरून उभी असलेली गाडी दुसरीकडे जाते, भाव ठरायचा राहून जातो. नेट संध्याकाळपर्यंत येते, पण गेलेले गिऱ्हाईक त्याच्याबरोबर परत येतेच असे नाही.

म्हणून फोनसाठी दुसरे कनेक्शन ठेवायचे असेल तर ते कसे ठेवायचे, काय विकत घ्यायचे, काय घ्यायची गरज नाही आणि कुठे फसगत होते, याची ही माहिती.

आधी आपला फोन कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखा

नेटवरचे फोन सगळे सारखे नसतात. बॅकअप लावण्याआधी हे कळले नाही तर पैसे वाया जातात.

१) फायबरचा लँडलाईन. जिओ, एअरटेल, बीएसएनएल यांच्या फायबर कनेक्शनबरोबर मिळणारा नंबर. टेलिफोनची वायर फायबरच्या डब्याला जोडलेली असते. हा नंबर त्या डब्याला आणि त्या कंपनीच्या जाळ्याला बांधलेला असतो. त्यामुळे दुकानात दुसऱ्या कंपनीचे नेट आणले तरी हा टेबलावरचा फोन सहसा जिवंत होत नाही. याला इलाज एकच, कॉल मोबाईलवर वळवणे. त्याची माहिती पुढे आहे.

२) व्हॉट्सॲपसारखे ॲप. याला कोणतेही नेट चालते. फायबर असो, मोबाईल डेटा असो.

३) वाय-फाय कॉलिंग. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा जाड भिंतीच्या गोदामात मोबाईलला रेंज येत नाही, तेव्हा मोबाईल वाय-फायवरून साधा कॉल लावतो. नंबर आपला नेहमीचाच राहतो. हा प्रकारही सहसा कोणत्याही कंपनीच्या नेटवर चालतो.

४) आयपी फोन किंवा क्लाऊड नंबर. मोठे पॅकहाऊस, दवाखाना, शेतकरी उत्पादक कंपनी यांच्याकडे असतो. एक नंबर, त्यावर 'विक्रीसाठी १ दाबा, हिशेबासाठी २ दाबा' अशी सोय, आणि आत चार-पाच फोन. यातले टेबलावरचे आयपी फोन नेट असेल तरच वाजतात. काही क्लाऊड नंबर मात्र आलेला कॉल थेट आपल्या मोबाईलवर साध्या कॉलने पाठवतात. तसे असेल तर येणाऱ्या कॉलसाठी आपल्या जागेवर नेट लागतच नाही. नंबर देणाऱ्या कंपनीला हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

जुन्या लँडलाईनला लाईट लागत नव्हती, याला लागते

जुना तांब्याच्या तारेचा फोन लाईट गेली तरी चालायचा. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून तारेवरूनच यायची. काचेच्या तारेतून फक्त प्रकाश येतो, वीज येत नाही. म्हणून फायबरचा डबा, राउटर आणि आयपी फोन या तिघांना आपल्याच घरची वीज लागते. कंपनीचे नेट ठणठणीत असून आपला फोन बंद, असा प्रकार यामुळेच घडतो.

त्यामुळे दुसऱ्या कनेक्शनचा विचार करण्याआधी पहिल्या कनेक्शनच्या लाईटची सोय करा. कमी खर्चात जास्त फायदा इथेच आहे.

लाईटची सोय अशी करा

फायबरचा डबा आणि राउटर मिळून साधारण १५ ते २० वॅट वीज खातात. म्हणजे लहान एलईडी बल्बपेक्षा थोडी जास्त. दुकानात इन्व्हर्टर असेल तर हे दोन्ही इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. बऱ्याच ठिकाणी पंखा इन्व्हर्टरवर असतो आणि राउटर साध्या बोर्डावर, म्हणून नेट जाते.

इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघा. बरेच डबे १२ व्होल्टवर चालतात, पण काही ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात. चुकीचे व्होल्ट दिले तर डबा जळतो.

हिशेब सोपा आहे. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. ती पूर्ण पिळून काढता येत नाही. १५ वॅटचा भार धरला तर नव्या बॅटरीवर साधारण चार तास निघतात. बॅटरी जुनी झाली की हाच वेळ निम्म्यावर येतो.

पॅकहाऊस मळ्यात असेल तर आणखी एक गोष्ट बघा. शेतीपंपाचा फीडर आणि गावठाणाचा फीडर वेगळा असतो. शेतीच्या फीडरवर दिवसातून ठरावीक तासच वीज असते. अशा ठिकाणी चार तासांचा यूपीएस पुरणार नाही. सौर पॅनलवर चार्ज होणारी मोठी बॅटरी धरूनच हिशेब करा.

दोन कनेक्शन म्हणजे दोन वाटा असे नव्हे

बॅकअप घेताना सगळ्यात जास्त चूक इथे होते. एका कंपनीचे फायबर आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचेही फायबर घेतले जाते. दोन्ही तारा एकाच खांबावरून, एकाच गल्लीतून, एकाच चारीतून येतात. जेसीबीने चर मारला की दोन्ही एकदम तुटतात. बिले दोन भरली, वाट एकच राहिली.

नेट कुठे कुठे तुटू शकते ते मागे मागे जात मोजा:

- दुकानाच्या आत: लाईट, ॲडॉप्टर, राउटर, उंदराने कुरतडलेली वायर.
- दुकान ते खांब: ट्रकच्या टपात अडकणारी लोंबती तार, झाडाची फांदी.
- गाव ते तालुका: रस्ता रुंदीकरण, पाइपलाइन, गटाराचे काम.
- कंपनीच्या आत: त्यांची यंत्रणा बंद पडणे, किंवा आपले बिल थकणे.

दुसरी वाट अशी हवी की वरच्या चारपैकी एकही ठिकाण दोन्हींत सामाईक नसावे. गावात हे पूर्ण जमत नाही, पण जितके जमेल तितके साधायचे. फायबर एका कंपनीचे असेल तर बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ठेवा. एक जमिनीवरून येते, दुसरे हवेतून. दोघांची कंपनी वेगळी, बिलाची तारीख वेगळी.

इथेही एक मेख आहे. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात. टॉवरची बॅटरी उतरली तर सगळ्यांचीच रेंज जाते. शिवाय टॉवरलाही मागून नेट कुठून तरी यावे लागते. ते कधी फायबरने येते, कधी दुसऱ्या टॉवरवरून मायक्रोवेव्हने. तालुक्याची मोठी केबल तुटली तर फायबरबरोबर त्या कंपनीचा टॉवरही मुका होऊ शकतो.

हे कागदावर शोधून कळत नाही, बघूनच कळते. महिनाभर दुकानात एक वही ठेवा. लाईट किंवा फायबर गेले की वेळ लिहा, आणि त्या वेळी कोणत्या सिमला डेटा चालू होता ते लिहा. डेटा म्हणजे नुसत्या रेंजच्या काड्या नव्हेत. एखादे पान उघडते का ते बघायचे. महिन्याच्या शेवटी जे सिम सगळ्यात जास्त वेळा टिकले, ते तुमच्या जागेसाठी बॅकअपचे सिम. शेजारच्या गावात दुसरेच सिम चांगले निघेल.

बँकेच्या किंवा पेट्रोल पंपाच्या छतावर दिसणारी छत्री म्हणजे व्हीसॅट. जमिनीवरच्या तारेशी त्याचा संबंध नाही, म्हणून ती खरोखर वेगळी वाट आहे. पण असे उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो आणि उत्तर परत यायला आणखी पाव. व्यवहाराच्या नोंदी पाठवायला हे चालते, पण बोलताना दोघेही एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात.

स्पीड किती लागतो?

फारच कमी. इथे सेल्समनच्या बोलण्यात येऊ नका. नेटवरच्या एका कॉलला चांगल्या दर्जाच्या आवाजासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण १०० केबीपीएस लागतात. एकाच वेळी पाच कॉल चालले तरी दोन्ही बाजूंनी अर्धा एमबीपीएस. म्हणजे फोनच्या बॅकअपसाठी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेण्याची गरज नाही.

डेटाही फार जात नाही. एक तास बोलले तर जाऊन-येऊन ९० एमबीच्या आसपास. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर पंधरा तासांहून जास्त बोलणे होते.

पण हा डेटा फोनच्याच वाट्याला यायला हवा. सीसीटीव्ही कॅमेरे नेटवर चित्र पाठवत असतील, कामगारांचे मोबाईल त्याच वाय-फायवर असतील, तर दीड जीबी दुपारपर्यंत संपते. रोजचा डेटा संपल्यावर बऱ्याच पॅकमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर चांगल्या आवाजाचा एक कॉलही धड चालत नाही. म्हणून बॅकअपच्या राउटरवर फक्त फोन आणि बिलिंगचा एखादा कॉम्प्युटर ठेवा. कॅमेरे आणि पाहुण्यांचे वाय-फाय त्यावर येऊच देऊ नका.

स्पीड असूनही आवाज तुटतो, तो का?

नेटवर आवाज अखंड जात नाही. एका सेकंदाच्या बोलण्याचे सहसा पन्नास तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात. लिलावाला निघालेल्या कांद्याच्या ट्रॉल्यांसारखे समजा. घरून सारख्या अंतराने निघाल्या, पण रस्त्यात एक अडकली, दोन एकदम आल्या, एक आलीच नाही. तुकड्यांचे तसे झाले की आवाज घोगरा होतो, शब्द गिळले जातात.

तीन गोष्टी तपासायच्या. मोबाईलवरच्या बऱ्याच स्पीड टेस्ट ॲपमध्ये या तिन्ही दिसतात.

- उशीर, म्हणजे पिंग. आवाज एका बाजूने पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा मापदंड आहे. ॲपमध्ये जाण्या-येण्याचा मिळून वेळ दिसतो. तो १०० च्या आत असेल तर उत्तम.
- जिटर, म्हणजे तुकड्यांचे अंतर किती वरखाली होते ते. ३० मिलिसेकंदांच्या आत हवे.
- पॅकेट लॉस, म्हणजे हरवलेले तुकडे. १ टक्क्याच्या आत हवे.

ही तपासणी पहाटे करू नका. संध्याकाळी सात ते दहा, गावातले सगळे मोबाईलवर असतात, तेव्हा टॉवरवर खरा ताण असतो. आणि सकाळी लिलावाच्या वेळी करा, कारण तेव्हा तुमचा धंदा असतो. त्या दोन वेळी जे सिम पास होईल ते खरे.

सिमच्या राउटरची जागाही महत्त्वाची आहे. पत्र्याच्या शेडच्या मध्यभागी ठेवलेल्या राउटरला रेंज कशी येणार? टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, उंचावर ठेवा. तरीही कमी पडली तर बाहेर अँटेना लावता येणारा राउटर घ्या. रेंज वाढवण्यासाठी विनापरवाना बूस्टर मात्र बसवू नका. ते बेकायदा आहे आणि त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांची रेंज बिघडते.

खिशाप्रमाणे तीन पायऱ्या

पहिली पायरी, लहान दुकान, रोपवाटिका, दूध संकलन केंद्र. वेगळे काही घ्यायची गरज नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम मोबाईलमध्ये ठेवा आणि फायबर गेले की हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉटचे नाव आणि पासवर्ड दुकानातल्या सगळ्या उपकरणांत आधीच एकदा जोडून ठेवा. ऐन गर्दीत पासवर्ड शोधत बसायला नको.

मोबाईलवरून बोलणाऱ्यांसाठी एक सेटिंग फार कामाचे आहे. राउटर चालू असतो, वाय-फायचे चिन्ह दिसते, पण मागे नेट मेलेले असते. मोबाईल त्या मेलेल्या वाय-फायला धरून बसतो आणि व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलमध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'आपोआप मोबाईल डेटावर जा' अशा अर्थाचा पर्याय असतो, आयफोनमध्ये त्याला वाय-फाय असिस्ट म्हणतात. तो चालू ठेवा. नसेल तर वाय-फाय हाताने बंद करायची सवय दुकानातल्या पोरांना लावा.

दुसरी पायरी, दोन-तीन फोन असलेले कृषी सेवा केंद्र, ट्रॅव्हल्सचे बुकिंग, दवाखाना. सिम घालायचा फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर घ्या. त्यातल्या काहींना मागे फायबरची वायरही जोडता येते. फायबर असेपर्यंत फायबर, गेले की सिम, असे ते स्वतः बदलतात. विकत घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा: 'फायबरची वायर काढल्यावर हा आपोआप सिमवर जातो का?' दुकानातच वायर काढून बघा.

तिसरी पायरी, पॅकहाऊस, शेतकरी कंपनी, पाच-दहा आयपी फोन. दोन नेट जोडायची सोय असलेला राउटर, ज्याला ड्युअल-वॅन राउटर म्हणतात, तो लावा. एका तोंडाला फायबर, दुसऱ्याला सिमचा राउटर. यात कोणत्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवता येते. फोनच्या आवाजाला पहिला नंबर द्या, बाकी सगळे मागे.

आपोआप बदलतानाच्या चार गडबडी

राउटर बसवणारा बहुतेक वेळा नेट चालू झाले की निघून जातो. पुढच्या चार गोष्टी त्याच्याकडून करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली. राउटरला नेट गेलेले कसे कळते? बरेच राउटर फक्त वायर जोडलेली आहे की नाही एवढेच बघतात. गावाबाहेर केबल तुटली तर आपला डबा चालूच असतो, त्याच्यावर फक्त 'एलओएस'चा लाल दिवा लागतो. राउटरला वाटते सगळे ठीक आहे. म्हणून दर काही सेकंदांनी नेटवरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते बघायचे सेटिंग चालू करायला सांगा. एकच पत्ता न देता दोन द्या, म्हणजे त्यातला एक बंद पडला तरी राउटर गोंधळणार नाही.

दुसरी. चालू असलेला कॉल तुटतोच. वाट बदलली की नेटवरचा आपला पत्ता बदलतो, म्हणून साध्या व्यवस्थेत आयपी फोनवरचे बोलणे मध्येच बंद होते. राउटरला बदल ओळखायला दहा सेकंदांपासून मिनिटभर लागतो. त्यानंतर पुन्हा कॉल लावावा लागतो. व्हॉट्सॲप कधीकधी स्वतःच जोडून घेते. कामगारांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी राउटर बंद-चालू करत बसणार नाही.

तिसरी. बाहेरून येणारा कॉल. ही लक्षात न येणारी गडबड आहे. आयपी फोन ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला 'मी इथे आहे' असे कळवत असतो. काही फोनमध्ये ही वेळ ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास ठेवलेली असते. वाट बदलल्यावर आपला फोन बाहेर लागतो, पण येणारे कॉल तासभर जुन्याच पत्त्यावर जात राहतात. आपल्याला वाटते सगळे सुरळीत आहे आणि गिऱ्हाईक तिकडे वैतागलेले. ही वेळ ६० ते १२० सेकंदांवर आणून घ्या.

चौथी. फायबर परत येतानाचा गोंधळ. तार जोडण्याचे काम चालू असताना नेट येते, जाते, पुन्हा येते. राउटरही सारखा इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला कॉल तुटतो. फायबर सलग पाच-दहा मिनिटे नीट चालले तरच परत त्यावर जा, असे सेटिंग करून घ्या.

सगळेच गेले तर कॉल मोबाईलवर

वादळात फायबर गेले, राउटरची बॅटरी संपली, तरी गिऱ्हाईकाचा कॉल कुठेतरी वाजला पाहिजे. त्यासाठी कॉल फॉरवर्डिंग. 'नंबर लागत नसेल तर अमुक मोबाईलवर पाठवा' ही सूचना आपल्या डब्यात नव्हे, कंपनीच्या बाजूला नोंदलेली असायला हवी. म्हणजे आपल्याकडे काळोख असला तरी ती काम करते. फायबर लँडलाईनवाल्यांसाठी तर हाच खरा बॅकअप. कंपनीच्या ॲपमधून किंवा ग्राहक सेवेला फोन करून ही सोय आधीच लावून घ्या. नेट गेल्यावर ती लावणे अवघड होते.

ज्या मोबाईलवर कॉल वळवाल तो मालकाच्या खिशातलाच असावा असे नाही. ज्याच्याकडे त्या वेळी भाव सांगायचा आणि गाडी ठरवायचा अधिकार आहे, त्याचा असावा.

इथे सावध राहा

- कॉल फॉरवर्डिंगच्या नावाने फसवणूक होते. अनोळखी माणूस 'हा कोड दाबा' म्हणून *४०१# सारखा आकडा देतो आणि तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात. त्यातून ओटीपी चोरला जातो. यामुळेच दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवण्याची ती सोय स्थगित करायला सांगितली. कोणी सांगितलेला कोड दाबू नका.
- बॅकअपचे सिम रिचार्जविना पडून ठेवू नका. लागोपाठ ९० दिवस न वापरलेले सिम बंद होऊ शकते. गरज पडेल त्याच दिवशी हे कळते.
- सिम धंद्याच्या किंवा मालकाच्या नावावर असावे, कामगाराच्या नव्हे. एका माणसाच्या नावावर महाराष्ट्रात जास्तीत जास्त ९ सिम चालतात. आपल्या नावावर किती आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघता येते.
- परदेशी कॉल फुकटात किंवा अगदी स्वस्तात लावून देतो म्हणणाऱ्या, सिम बॉक्स बसवणाऱ्या माणसाला जागा देऊ नका. ते बेकायदा एक्सचेंज असते. जागा आणि लाईट कनेक्शन आपले, म्हणून चौकशी आपल्या दारात येते.
- अपघात, आग, सर्पदंश अशा वेळी आयपी फोनवर विसंबू नका. ११२ किंवा १०८ साध्या मोबाईलवरून लावा. नेटवरच्या फोनवरून ठिकाण बरोबर कळेल याची खात्री नसते.

गावात खोदकाम करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. २२ मार्च २०२३ रोजी केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप सुरू केले. खोदणारा त्यावर जागा नोंदवतो आणि तिथून केबल, पाइप गेलेल्या कंपन्यांना कळते. पाइपलाइनचे काम काढणाऱ्या ग्रामपंचायतीने आणि जेसीबीवाल्याने त्याचा वापर केला तर निम्मी कटकट तार तुटण्याआधीच मिटेल.

महिन्यातून एकदा तालीम

बॅकअप बसवला आणि विसरला, असे होते. मग सहा महिन्यांनी खरी गरज पडते तेव्हा सिमचा पॅक संपलेला, बॅटरी फुगलेली आणि पासवर्ड माहीत असलेला मुलगा पुण्याला गेलेला. म्हणून महिन्यातून एकदा, धंदा कमी असेल अशा दुपारी, हे करा:

१) आधी फायबरची वायर राउटरमधून काढा. घड्याळ बघा. किती वेळात सिमवर नेट आले ते लिहा.
२) बाहेर एक कॉल लावा. दोन्ही बाजूंना आवाज येतो का ते बघा. एकाच बाजूने आवाज येणे हा नेटवरच्या फोनचा नेहमीचा दोष आहे.
३) बाहेरून आपल्या नंबरवर कॉल करायला सांगा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा.
४) आता मेन स्विच बंद करा. राउटर चालू राहतो का? बॅटरी किती वेळ टिकते?
५) शेवटी राउटरही बंद करा. कॉल ठरलेल्या मोबाईलवर वाजतो का?
६) सगळे पूर्ववत करा. फायबरवर परत गेल्याची खात्री करा, नाहीतर महिनाभर सिमचाच डेटा जात राहील.

हा सगळा प्रकार अर्ध्या तासाचा. बॅटरीला मात्र वेगळा वेळ लागतो, ती तपासणी तीन महिन्यांतून एकदा केली तरी चालेल.

भिंतीवर चिकटवायचा कागद

मालक बाहेरगावी असताना नेट गेले तर दुकानातल्या माणसाला सगळे माहीत हवे. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून राउटरजवळ लावा:

- फायबर कंपनीचा तक्रार नंबर आणि आपला ग्राहक क्रमांक.
- गावातल्या लाइनमनचा नंबर.
- बॅकअप सिमची कंपनी, सिमचा नंबर आणि पॅक संपण्याची तारीख.
- लाल दिवा लागला तर काय करायचे, लाईट गेली तर काय करायचे, प्रत्येकी एका ओळीत.
- कॉल कोणाच्या मोबाईलवर वळवलेले आहेत.

वाय-फायचा पासवर्ड या कागदावर लिहू नका. तो गल्ल्यात ठेवा.

नवीन सामान घेण्याची घाई करण्यापेक्षा आधी दोन कामे करा. आज संध्याकाळी राउटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या आणि उद्या कंपनीला फोन करून कॉल फॉरवर्डिंग लावून घ्या. दोन्हींना खर्च जवळजवळ नाही आणि येणारे बरेच कॉल वाचतात. सिमचा राउटर त्यानंतर, महिनाभराची वही बघून घ्या. पावसाळ्याआधी एवढे झाले तरी द्राक्षाच्या हंगामापर्यंत तुमच्या जागेवर कोणती वाट टिकते आणि कोणती नाही, हे तुम्हाला पक्के माहीत झालेले असेल.